उजव्या पायाखालचा ब्रेक

आमच्या ह्यांनी सायकल घेतली तेव्हा मी हसले होते. पावसाळ्यात ते तिच्यावरून पडून खांद्याजवळचं हाड मोडून घरी आले तेव्हा मात्र मी अजिबात हसले नाही. झोळीत हात अडकवून घरभर फिरणाऱ्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावतानाच मी ठरवून टाकलं, ही सायकल घरातून जाणार. पण हाड जुळलं, डॉक्टरांनी मान डोलावली, आणि हा माणूस बाल्कनीत बसून सायकलच्या चेनला तेल देता देता शीळ घालायला लागला. ह्यांना शीळ घालता येते हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. मग मी मधला मार्ग काढला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते जिथे पडले होते त्या डोंगरातल्या वाटेवर मी स्वतः त्यांच्या मागून जाणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते एकदा जरी पडले तरी सायकल देऊन टाकायची.

"बरं," ते म्हणाले. ते नेहमी "बरं"च म्हणतात. भांड्यांच्या कारखान्यात दिवसभर स्टीलचा पत्रा वाजत असतो, त्यात ह्यांचा स्वतःचा आवाज कधीतरी आत गेला तो गेलाच. फोडणी जळून घरभर धूर झाला तरी "कसला वास येतोय का गं?" एवढंच विचारतील. पण शब्दाला पक्के. पडले तर खरंच सायकल देऊन टाकतील आणि वर एक अक्षर बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

माझं सगळं उलट. मी बायकांना मोटार चालवायला शिकवते, तेव्हा बोलणं हाच धंदा. "क्लच हळू सोडा, ताई. भाभी, आरसा बघा, वो रिक्षावाला नहीं रुकेगा, आपको रुकना है." आमच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा. बस समोर आली की नवशिकी बाई स्टिअरिंग सोडून देवाचं नाव घेते आणि मी उजवा पाय दाबते. त्या एका ब्रेकच्या जोरावर मी निम्मं भाईंदर रस्त्यावर आणलंय, असं मी कोणालाही सांगते. कोणी खोडून काढलेलं नाही.

सायकल मला येत होती. रत्नागिरीला लहानपणी वडिलांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकले होते. ह्यांच्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या एका मित्राच्या बायकोची गिअरवाली सायकल मागून आणली, काही रविवार उत्तनच्या रस्त्यावर हात बसवला, आणि त्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. खारी गावातून उड्डाणपुलावर, पलीकडे उतरून राई गावाच्या बाजूने. गावात बोंबील वाळत घालायचं काम सुरू झालं होतं. मी मागून सूचना देत होते, डावीकडून घ्या, खड्डा आहे, आणि ते प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होते.

डांबरी रस्ता सोडून आम्ही डोंगराला लागलो. ते जिला सिंगल ट्रॅक म्हणतात तिला आमच्याकडे सरळ पायवाट म्हणतात. एका माणसापुरती वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढं पिवळं पडत चाललेलं गवत, करवंदीच्या जाळ्या, मधूनच ताडाचं झाड. चढाला माझं बोलणं बंद पडलं, कारण श्वास पुरेना. ह्यांची पाठ पुढे शांतपणे वर चाललेली. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन गावातली एक म्हातारी आली. आम्ही उतरून वाट दिली. तिने आधी सायकलींकडे बघितलं, मग माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे.

"खाली डांबरी रस्ता हाय ना? मग हितून कशाला?"

"मजा येते, मावशी," हे म्हणाले.

"हिला न्हाय येत," म्हातारी म्हणाली आणि निघून गेली. हे इतके हसले की त्यांना सायकल धरून उभं राहावं लागलं. मला राग आला, म्हणून मी पुढचा चढ न थांबता काढला.

पहिला उतार आला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पुढे ह्यांची सायकल दगडावरून जराशी उडाली आणि माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. जित्याची खोड, दुसरं काय. पण सायकलला तिथे ब्रेक नसतो, तिथे पेडल असतं. दाबलं की सायकल थांबायच्या ऐवजी पुढेच उडी मारते. मी कशीबशी सावरले. ह्यांनी मागे न बघताच सांगितलं, "दगडाकडे बघू नकोस. बघशील तिकडेच सायकल जाते." इतकी वर्षं लोकांना शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. मीही "बरं" म्हटलं.

मग वाट डोंगराच्या माथ्यावर आली, आणि आता काय सांगू. एका बाजूला समुद्र, त्यात पसरलेल्या होड्या. दुसऱ्या बाजूला मिठागरं, खाडी, आणि तिच्यापलीकडे आमचं अख्खं भाईंदर, जिथे मला कधी दोन गाड्यांमध्ये हातभर जागा मिळत नाही. इथे हॉर्न नाही, सिग्नल नाही. वाट झाडीत शिरायची, डावीकडे वळायची, उजवीकडे, खाली, लगेच वर, आणि प्रत्येक वळणाला हसू यायचं. फांद्या हेल्मेटला घासत होत्या. पानांवरून चाकं सरसर जात होती. शाळा सुटल्यावर उतारावर फ्रॉक उडवत पळायचे ना, तसं वाटत होतं, आणि आपण वयाने केवढ्या आहोत हे मी पार विसरले होते. पुढे ह्यांच्या शर्टाची पाठ दिसत होती. मी तिच्यावरून नजर काढत नव्हते, कारण ती पाठ पडते का हेच बघायला तर आले होते. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला ती पडायला नको होती.

शेवटचा उतार म्हणजे ह्यांच्या ग्रुपची "घसरगुंडी". दाट झाडीतून वाट एकदम खाली पडते, मध्ये एक जाडजूड मूळ आडवं, त्याच्यानंतर लगेच वळण, आणि मग खाली कोरडा ओहोळ. पावसाळ्यात हाड मोडलं ते इथेच. ते वर थांबले, खाली बघितलं, सीटच्या मागे सरकले आणि निघाले. मीही अगदी हळू, त्यांच्या मागोमाग. ह्यांचं पुढचं चाक मुळावर चढलं, सायकल थोडी वाकडी झाली, त्यांचा खांदा हलला. तोच खांदा. मी उजवा पाय दाबला, सगळा जीव एकवटून, समोरून ट्रक आल्यावर दाबते तसा.

माझी सायकल सरळ ह्यांच्या मागच्या चाकावर गेली. मी बघत होतेच तिकडे. ते वाटेवरून उडून घाणेरीच्या झुडपात गेले आणि मी त्यांच्या सायकलवर पालथी पडले.

"अहो," मी ओरडले. "अहो, खांदा. बोला काहीतरी."

झुडपातून ते उठले. हातावर ओरखडे, केसांत पानं. खांदा वर केला, खाली केला, गोल फिरवला. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला तेव्हा कळलं. मला लागलंय का हे त्यांनी बघितलं, मग सायकल उचलली, पुढचं चाक गुडघ्यांमध्ये धरून हँडल सरळ केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पडलो. बरं. ग्रुपमधल्या कोणाला तरी विचारतो, घेतोस का म्हणून."

आणि सायकल हातात धरून ते उरलेला उतार पायी उतरायला लागले. ओरडले असते, तुझ्यामुळे पडलो म्हणाले असते तर मी भांडले तरी असते, भांडण मला जमतं. पण त्या वाकलेल्या पाठीकडे बघून मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"चालत कुठे निघालात? वर या."

"ठरलं होतं ना आपलं."

"पडायचं ठरलं होतं. पाडायचं नव्हतं. वर या म्हणते ना."

ते वर आले. मी त्यांना उताराच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः माझी सायकल घेऊन पार मागे, एका आंब्याखाली जाऊन थांबले, जिथून उतार दिसतच नाही. "जा. मी नाही येत मागे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते गेले. चाकांखाली माती सुटल्याचा आवाज आला, मग मुळावर ठक्क, मग काहीच नाही. आणि खालून, झाडीतून, एक आरोळी आली. शब्द नव्हता तो, नुसता आवाज, लांबलचक, उंच, डोंगरावर आपटून परत येणारा. क्षणभर मला वाटलं, खाली दुसरंच कोणीतरी आहे. ज्या माणसाबरोबर मी एका घरात एवढी वर्षं जेवले, त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ये आता," मग खालून हाक आली. "वाट मोकळी आहे."

मी गेले. पुढे कोणाची पाठ नव्हती, त्यामुळे नजर वाटेवर राहिली. मूळ आलं, गेलं, सायकल हवेत असल्यासारखी वाटली, वळण घेतलं, फांद्या, ऊन, सावली, आणि एकदम ओहोळाची मऊ वाळू. मी सायकलवरून उतरले. हे डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"तू येताना ओरडत होतीस," ते म्हणाले.

"मी? काय ओरडत होते?"

"काही नाही. नुसतीच."

माझा घसा दुखत होता हे मला तेव्हा कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "मग सायकल? कोणाला द्यायची?"

मी माझ्या सायकलचं तोंड चढाकडे वळवलं होतं. "आधी परत वर चला," मी म्हटलं. "आणि ह्या वेळी मी पुढे."