भावाच्या खानावळीत गिऱ्हाईक

माझ्या धाकट्या भावानं केबिन रोडच्या मागच्या गल्लीत खानावळ काढली, ही बातमी मला भाजीवालीनं दिली. "तुमचाच भाऊ ना तो? पैसे सांगत नाही म्हणे. ज्याला जे वाटेल ते द्यायचं. डोकं-बिकं फिरलंय काय त्याचं?" मी म्हटलं, "त्याचं जन्मापासून फिरलेलंच आहे, तू मेथी दे." घरी येऊन मेथी निवडायला बसले, तर हात चालेना. गोडदेवच्या माझ्या घरापासून ती गल्ली अशी किती लांब? माझा सख्खा भाऊ तिथं गावाला जेवू घालतोय आणि मला पत्ता नाही!

आई गेल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. शेवटचे दिवस ती माझ्याकडे होती, कारण हॉस्पिटल जवळ, आणि डॉक्टरांनी हलवू नका म्हणून बजावलेलं. भावाचं एकच, तिला समुद्राकाठी डोंगरीला आपल्या घरी नेऊ, तिला तिथूनच जायचंय. मी म्हटलं, अरे, तिथं श्वास अडकला तर काय होडीत घालून आणणार आहेस तिला? तो हट्टानं गाडी ठरवायला गेला आणि गाडी घेऊन आला तेव्हा आई गेलेली होती. "तू अडवलंस," एवढंच म्हणाला. माझं बरोबर होतं, मी आजही म्हणते. पण बरोबर असून काय चाटायचंय? त्या भाऊबीजेला मी ताट करून संध्याकाळपर्यंत बसले. आला नाही. पुढच्याही नाही.

तर भाजीवालीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. म्हटलं, खानावळ आहे, कुणीही जाऊ शकतं, मी का नाही? लहानसा गाळा, दोन लांब टेबलं, आत वहिनी भाकऱ्या थापतेय आणि हा स्वतः वाढतोय. दाराशी स्टुलावर स्टीलचा डबा, झाकणाला फट पाडलेली. भिंतीवर खडूनं लिहिलेलं, पोटभर जेवा, मनाला येईल ते डब्यात टाका. मी बसले. त्यानं मला बघितलं, मान फिरवली, आणि ताट आणून ठेवलं. बांगड्याचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. पहिला घास घेतला आणि माझा जीव गलबलला. आईचं कालवण! तेच आंबट, तेच तिखट, शेवटी तोंडात रेंगाळणारं तिरफळ. मी एवढी वर्षं करतेय, मला ते कधी साधलं नाही, आणि या दांडगोबाला साधलं. चुलीपाशी बसून माशाची डोकी मागायचा, तेवढंच काय ते त्याचं शिक्षण.

ही पैसे न सांगण्याची तऱ्हाही आईचीच. होड्या लागल्या की आमच्या पडवीत जो येईल तो जेवायचा, खलाशी, बर्फवाला, वाट चुकलेला कुणी. कुणी पैसे काढले तर ती म्हणायची, "जेवल्यावर हिशेब केला तं अन्न अंगाला लागत न्हाय." भावानं ते धरून ठेवलं आणि थेट धंदाच केला.

लोक चक्रावायचे. रिक्षावाले विचारायचे, "भाई, कितना डालूँ?" हा म्हणायचा, "जितना दिल बोले." कुणी चोरासारखं बघत काहीच न टाकता सटकायचं, कुणी भरभरून टाकायचं. तो डब्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मध्यंतरी मोबाईलवरून पैसे देणाऱ्यांच्या आग्रहाखातर त्यानं तो पैसे आले की बोलणारा स्पीकर बसवला. पहिल्याच दुपारी एका पोरट्यानं दहा रुपये टाकले आणि स्पीकरनं ते अख्ख्या गाळ्याला ओरडून सांगितलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला. भावानं वायर उपटली आणि स्पीकर परत देऊन आला. अशा वेळी मला त्याचा इतका अभिमान वाटायचा, की वाटायचं उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिनं माझी झोप उडवली. सगळ्यांना मनाला येईल ते द्यायची मुभा, पण काही माणसांना मात्र द्यायचीच बंदी होती. तो मासेमारीला जायचा तेव्हाचे होडीवरचे जुने सोबती यायचे, वहिनीचा भाऊ यायचा. यांच्यापैकी कुणाचा हात डब्याकडे गेला की हा जिथं असेल तिथून गरजायचा, "ए भाड्या, हात तोडंन! घरचा हायस का गिऱ्हाईक?" आणि हात धरून त्यांना दाराबाहेर काढायचा. ते हसत हसत शिव्या खात निघून जायचे.

मी पैसे टाकले तेव्हा तो भांडी विसळत राहिला.

म्हणजे मी गिऱ्हाईक. झालं! त्या दिवसापासून मी आठवड्यातून एकदा तरी जायचेच, आणि मला जेवण नको होतं, पैसे परवडत होते, मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा माझा हात त्या डब्यावरून झटकावा. दोन शिव्या घालाव्यात. एवढ्यासाठी मी काय काय केलं! एकदा मोठी नोट सगळ्यांना दिसेल अशी वर धरून टाकली. ढिम्म. मग एकदा काहीच न टाकता ताठ मानेनं बाहेर पडले. म्हटलं, आता तरी बोलेल. पण बोलेल कसा? तिथं न देता जायची सगळ्यांनाच मुभा! फुकट जेवून कुणी घरचं होत नाही, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. घरचं करायचं ते त्यालाच करावं लागणार होतं. घरी येऊन मी भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली, "सब ठीक है ना?"

मला तो फार हवा होता. लहानपणी माझ्या कडेवर वाढलेला, माझ्या ओढणीला नाक पुसणारा. आता आईबाप नाहीत, डोंगरीचं घर बंद, आणि मला "ताय" म्हणणारं जगात ते एकच तोंड उरलेलं, आणि ते माझ्यासमोर पळी घेऊन मुकं उभं. कालवण वाढताना त्याचा हात माझ्या ताटाशी यायचा. मनगटावर गळाचा जुना व्रण. तो धरावासा वाटायचा. मी म्हणायचे, "बस." तो पळी मागे घ्यायचा.

मग तो दिवस आला. वहिनी माहेरच्या हळदीला गेली होती आणि नेमकी त्याच दुपारी गल्लीत काम करणारी सगळी माणसं एकदम जेवायला घुसली. हा एकटा. इकडे भाकरी करपतेय, तिकडे भात मागतायत. मी कोपऱ्यात जेवत होते. एकजण टेबल बडवायला लागला आणि भाऊ आतून ओरडला, "ताय, बघतंस काय नुसती? भात वाढ ना!"

ताय म्हणाला तो मला! पण माझं तोंड कुठलं गप्प बसायला! म्हटलं, "हात खरकटा आहे माझा."

"मंग धू!"

मी उठले. हात धुतला, पदर खोचला आणि भाताचं भांडं घेतलं. डोळ्यांना धार लागलेली आणि मी वाढतेय. एक मिस्त्री म्हणाला, "आंटी, इधर भी. नयी आयी हो क्या?" मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "बडी बहन है मेरी. आंटी मत बोल, मारेगी." सगळे हसले. मीही हसले. गिऱ्हाइकाला कुणी कामाला लावतं का हो? हात झटकायची वाट बघत बसले होते मी वेडी.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं खरवडलेल्या भाताला बसलो. मग ताटाकडे बघत त्यानं विचारलं, "आईनं शेवटी काय खाल्लं?"

"पेज. दोन-तीन चमचे. मग म्हणाली, बस, बाकीची त्याला ठेव, उपाशी असंल."

"ठेवलीस?"

"ठेवली ना. वाटीत झाकून. पण तू आलास तेव्हा कोण विचारणार, पेज पितोस का म्हणून?"

"मंग तिचं काय केलंस?"

"तुम्ही सगळे तिला घेऊन गेलात. घरात मी एकटी. टाकवेना मला. प्यायले."

तो भात चिवडत राहिला. नाक ओढलं, मनगटानं पुसलं. मग विचारलं, "मीठ बराबर व्हतं?"

"बरोबर होतं," मी म्हटलं.

"सोमवारी बंद असतं आपलं," तो उठता उठता म्हणाला. "येईन मी जेवायला."

मी आता खानावळीत भाकऱ्या थापायला जाते, तो माझ्यावर ओरडतो, मी त्याच्यावर, सगळं छान चाललंय. पण माझ्या घरी यायचं म्हणजे त्याला त्या खोलीत यायचंय, जिथं आई गेली. मी घाई करत नाही. सोमवारी आमच्याकडे मासळी नसते, म्हणून वालाचं बिरडं करते. दाराची बेल वाजली की आधी गॅस पेटवून ते गरम करायला ठेवते आणि मग दार उघडते. अजूनपर्यंत कुरिअरवालाच निघालाय.