पिकअपमधला रेडिओ आणि नेनेकाकांचं मरण

तोंडातला चहाचा घोट आधी गिळा, मग सांगतो. ठसका लागला तर सुजाता, म्हणजे आमची ही, मलाच बोलेल!

इथे सिंगापुरात, पाया लेबारच्या एका हॉलमध्ये आमच्या मंडळाचं नाटक होतं. दिग्दर्शन सुजाताचं. पासिर रिसहून नेपथ्य न्यायला मित्राची, मिलिंदची, छोटी पिकअप घेतली. पुढे कलाकारांची व्हॅन, त्यात सुजाताही; मागे पिकअपमध्ये मिलिंद आणि मी. आता दोन गाड्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? फोन होते हो सगळ्यांकडे! पण मी पडलो आयटीवाला. सीबी रेडिओची जोडीच आणली. परवाना-बिरवाना सगळं रीतसर. व्हॅनमधला चटकन बसला.

पण पिकअपमध्ये बसवायचा कुठे? केबिन एवढीशी, की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडायचा!

डॅशबोर्डवर ठेवला. मिलिंद ओरडला, "अरे, एसीचं तोंड बंद केलंस! सिंगापुरात एसीशिवाय? मी उतरतो."

छताला लावून पाहिला, तर टाळक्यात टेंगूळ.

"सीटखाली टाक ना," मिलिंद म्हणाला.

"आणि बोलायचं असलं की साष्टांग नमस्कार घालू?"

शेवटी गिअरशेजारी, माझ्या सीटला चिकटून स्क्रूने पक्का केला. माइक टांगला अगदी मांडीजवळ. हात खाली नेला की माइक हातात!

"मांडीला लागतोय तुझ्या," मिलिंद म्हणाला.

"लागू दे! याला म्हणतात डिझाइन!"

निघालो. पहिल्याच वळणावर माइक आकड्यावरून घसरला आणि बटणासकट माझ्या मांडीखाली गेला. माझी मांडी तुम्ही बघताच आहात, तिला काय कळणार? या रेडिओचं असं असतं, की बटण दाबलेलं असेपर्यंत आपलं बोलणं तिकडे जातं, तिकडचं आपल्याला ऐकूच येत नाही. सेट एकदम चिडीचूप. मला वाटलं, सगळं सुरळीत आहे!

"काय रे, नाटक कसं बसलंय?" मिलिंदने विचारलं.

आता माणसाने 'छान' म्हणून गप्प बसावं की नाही?

"नाटक झकास आहे रे. फक्त नेनेकाका मरत नाहीत!"

नेनेकाका म्हणजे सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले आमचे सरदार. नाटकात त्यांचा एकच प्रवेश. लढाईत पडायचं.

"तलवारीचा वार बसला की आधी डावीकडे झोकांडी, मग उजवीकडे, मग आईला हाक, मग मातीला मुजरा. तेवढ्यात शत्रू घरी जाऊन जेवून येईल!"

मिलिंद पोट धरून हसायला लागला. मग मला चेव चढला. मी काकांचं कण्हणंसुद्धा काढून दाखवलं. "आणि आमच्या बाईसाहेब काही बोलतायत का त्यांना? छे! घाबरतात!"

हॉलपाशी पोचलो. व्हॅनमधली मंडळी ओळीने उभी. सगळ्यांची नजर माझ्यावर. उतरायला मांडी उचलली आणि खालून माइक बाहेर आला. म्हणजे व्हॅनमध्ये सगळं ऐकू गेलं होतं!

नेनेकाकांनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या हातात दिली. "घ्या. कण्हणं उत्तम जमलंय. आज तुम्हीच मरा."

"काका, अहो, गंमत... सुजाता, तू तरी सांग ना!"

"मी कशी सांगू? मी घाबरते ना त्यांना! चल, अंगरखा चढव."

हॉल खच्चून भरलेला. पडदा वर गेला, समोर ओळखीचे शेकडो चेहरे. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवा झालो. विंगेतून शत्रू गर्जत आला, बघतो तर सरदार आधीच गतप्राण! बिचारा गोंधळला. वाकून हळूच म्हणाला, "सरदार... उठता का जरा?"

प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. आणि पहिल्या रांगेत नेनेकाका ताडकन उभे राहून टाळ्या वाजवत ओरडले, "वन्स मोअर!"

काय करणार? उठलो, आणि पुन्हा मेलो.