साहेबांसाठी खुर्ची

माझी ताई गरीब आहे की नाही, यावर माझ्या दुकानात महिनाभर वाद चाललाय. ताईला मात्र कुणी विचारलेलं नाही.

शिवणकाम माझं, काज-बटणं ताईची. तिच्या खोलीत खिडकीशी बसून ती हातानं काजं करते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा एका कोटाला भलत्याच बाजूला काज केलं. गरिबांच्या मदतीच्या योजनेत नाव बसलं तर ऑपरेशन फुकट. नाहीतर सुई खाली ठेवायची, आणि मग ताईनं जगायचं कशावर?

दुकानातल्या बाकावर दोघं ठरलेले. निवृत्त मास्तर म्हणतात, "फुकट दिलं की माणूस आळशी होतो. हात हलवले तर कुणी गरीब राहत नाही." समोरचा औषधवाला उसळतो, "हात हलवणाऱ्याची मजुरीच मारतात, मास्तर! सरकारनं द्यायलाच हवं." मास्तर बोलले की वाटतं, खरंच की. औषधवाला बोलला की वाटतं, अरेच्चा, हेही खरंच. डोक्याचा नुसता भुगा! ताईला सांगितलं तर म्हणाली, "हात तर मी हलवतेच आहे. मग मी कुणाच्या बाजूची?"

योजनेचे साहेब घर बघायला येणार कळलं आणि ताईनं घोळ घातला. दारी आलेल्याला घरातली उणीव दिसू द्यायची नाही, ही आमच्या आईची शिकवण. मास्तरांच्या गादीच्या खुर्च्या आल्या, औषधवाल्याचा पंखा आला, शेजारणीचे पडदे आले. साहेब वारा खात म्हणाले, "ताई, तुमचं तर झकास चाललंय." ताई खूश. नाव कटलं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गरिबी बघायला आला होता तो!" मी ओरडलो.

ती गोंधळून बघत राहिली. "मग दारात उभा ठेवायचा होता का त्याला?"

दुकानात मास्तर म्हणाले, "बघा, गादीच्या खुर्च्या असलेले लोकही मदत मागतात."

"अहो, खुर्च्या तुमच्याच!"

"मी तत्त्वाचं बोलतोय," मास्तर म्हणाले.

चपला झिजवल्या तेव्हा कुठे पुन्हा पाहणी मिळाली. या वेळी मी स्वतः खोली रिकामी केली, ज्याचं त्याला परत केलं, ताईला दम दिला, "गप्प बसायचं." तेच साहेब आले. बसायला एक डुगडुगतं स्टूल, तेही त्यांनी नको म्हटलं. उभ्यानंच घाम पुसत लिहू लागले. माझा जीव भांड्यात पडला. वळून बघतो तर ताई जागेवर नाही.

आली ती शेजारच्या मास्तरांची खुर्ची ओढत. उंबऱ्याला अडखळली, गुडघा आपटला, पण खुर्ची काही सोडली नाही. खिडकीजवळ खिळ्याला गिऱ्हाइकाचा कोट टांगला होता. त्या कोटापुढे खुर्ची ठेवून ती कोटाकडेच बघत अदबीनं म्हणाली, "बसा ना साहेब. मागच्या खेपेला बसला होतात."

साहेबांचा लिहिता हात थांबला. ते खुर्चीकडे बघत होते की ताईकडे, मला कळेना. तिच्यावर खेकसावं की तिच्या पाया पडावं, तेही कळेना.

"अरे," ताईनं हळूच मला विचारलं, "बसले का साहेब?"

साहेब उभेच होते.

"बसले, ताई," मी म्हणालो.