तीन डिग्रीचं पाणी

सुनंदावहिनी गेल्या ही बातमी मला कुणी दिली नाही, मीच सगळ्यांना दिली. कॉव्हेंट्रीच्या त्यांच्या किचनमध्ये उभी राहून, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन मी सकाळभर तीच तीन वाक्यं म्हणत होते. झोपेत गेल्या. त्रास झाला नाही. हो, मी होते जवळ. दुपारपर्यंत ती वाक्यं इतकी गुळगुळीत झाली की त्यांच्यात वहिनी उरल्याच नाहीत. आता सहा आठवडे झाले. मी लंडनमधल्या ईलिंगला परत आलेय, माझा नवरा शिरीष न सांगता चहा करून देतो, लोक म्हणतात, "किती केलंस गं जावेचं," आणि मी मान हलवते. खरं सांगायचं तर मी दमलेय. जे केलं त्यातली एक गोष्ट घशात अडकून बसलीय, ती या लेखात सांगणार आहे. पण आधी ही बाई कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर ती गोष्ट कळायची नाही.

वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत ऑपरेशन थिएटरच्या नर्स. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्यात नेमकं हत्यार ठेवणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. वसंतभाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, गेले तेव्हा आम्हाला वाटलं, आता या आमच्याकडे राहायला येतील, निदान मंडळाच्या हळदीकुंकवाला तरी येतील. त्या गेल्या स्कॉटलंडला, सॅमन पकडायला! थिएटरमधल्या एका म्हाताऱ्या टेक्निशियनने त्यांना लंच-ब्रेकमध्ये फ्लाय बांधायला शिकवली होती. फ्लाय म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, केसांचं आणि दोऱ्याचं. डायनिंग टेबलाला त्यांनी फ्लाय घट्ट धरणारा एक छोटा शिकंजा कायमचा लावून टाकला आणि टेबलावर जेवायचं बंद झालं. पितळेची दोन इंचाची बारीक नळी, तिच्याभोवती हरणाच्या शेपटीचे रंगवलेले केस, त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे आणि वर व्हार्निशचा थेंब. घरभर व्हार्निशचा वास. मी गेले की आधी खिडक्या उघडायचे, मग चप्पल काढायचे.

त्यांना उन्हाळ्यातलं मासे पकडणं मुळीच नको होतं. दर वर्षी मार्चचा पहिला आठवडा, नदीच्या एका पट्ट्याचं बुकिंग, काठावर बर्फ, हातातल्या गळाच्या दांड्याच्या कड्यांमध्येसुद्धा बर्फ. एरवी शिरीष त्यांना न्यायचा; एकदा त्याला फ्लू झाला म्हणून त्याच्याऐवजी मी त्यांना गाडीने घेऊन गेले. छातीपर्यंत रबराची विजार चढवून साडेचार फुटांची ती बाई पाण्यात उतरली आणि दिवसभर एकच काम करत राहिली. दोरी तिरकी फेकायची, प्रवाहाबरोबर हळूहळू वाहू द्यायची, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायची. मी काठावरच्या झोपडीत स्टोव्हला चिकटून बसले होते. तिथला राखणदार डंकन, नदी दाखवणारा आणि पाण्यात आधार देणारा, मला बिस्किटं देत म्हणाला की तुमच्या जाऊबाईंसारखी चिवट बाई त्याने बघितली नाही. मी म्हटलं, माझी खात्री आहे.

"गार पाण्यात फिश आळशी होतो गं," झोपडीत बूट सुकवताना वहिनींनी मला समजावलं. "तळाशी पडून राहतो. म्हणून पितळेची नळी, वजनाने खाली जायला. गारठलेला सॅमन म्हणजे संडेचा आपला शिरीष. उठून येणार नाही. चहा नाकाशी न्यावा लागतो."

"आणि भूक लागली की येईल ना?"

"भूक नसतेच त्याला. समुद्रातून नदीत शिरला की त्याचं खाणं बंद. अंडी घालायच्या दिवसांपर्यंत उपास."

"मग तुमची फ्लाय तोंडात का घेतो?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर येते मी."

रंगांचंही त्यांनी सांगितलं होतं. पाणी स्वच्छ असेल तर काळी बारीक फ्लाय, अंगाला चांदीची एक तार, बस. पूर येऊन पाणी गढूळ झालं तर मोठी, भडक, नारंगी-पिवळी, माशाला दिसली तर पाहिजे. इतक्या वर्षांत त्यांना मार्चमध्ये एकच सॅमन मिळाला आणि तोही त्यांनी पाण्यात हातावर धरून, श्वास आल्यावर सोडून दिला, कारण त्या दिवसांत सोडावाच लागतो, तसा कायदा आहे. मी अलिबागची. धरलेला मासा सोडतात हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वहिनी मात्र त्या माशाबद्दल कधी बोलायच्या नाहीत, आणि फोटोही काढला नव्हता. डंकनला म्हणे कॅमेरा आत ठेवायला लावला.

यंदा जानेवारीत त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, जिना चढवेना. मी कॉव्हेंट्रीला राहायला गेले. गोळ्या, वजनाची रोजची नोंद, घरी येणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सची वाट बघणं, रात्री तीनतीनदा उठणं... बासष्टाव्या वर्षी हे सगळं अंगाशी येतं. वहिनींचं एकच चाललेलं. "वैशाली, आपला वीक जवळ आला." डॉक्टर म्हणाले, प्रवास अजिबात नको, गार पाणी तर विषयच सोडा. ते त्यांना कोण सांगणार? मी चार दिवस शब्द जुळवले. त्यांच्यासमोर गेले की ते पळून जायचे. शेवटी मी डंकनला फोन करून बुकिंग रद्द केलं आणि वरच्या खोलीत येऊन म्हणाले, "वहिनी, डंकनचा फोन होता. नदीला पूर आलाय. या वर्षी कुणालाच सोडत नाहीयेत."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "किती वर आलंय?"

"खूप. काठावरची झाडं पाण्यात आहेत म्हणाला."

"गढूळ?"

"एकदम."

"मग नारंगी लागेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला हाताशी असू दे. शिकंजा वर आण."

मी हायसं वाटून धावत जिना उतरले. पलंगाशेजारी टेबल लावलं. तीन दिवस त्या ती एक फ्लाय बांधत होत्या. एरवी वीस मिनिटांचं काम. बोटं सुजलेली, पाच वेढे दिले की धाप लागायची, मग डोळे मिटून पडायच्या आणि मी दोऱ्यावर बोट दाबून बसायचे. "धरून ठेव हं, सोडू नकोस." केस नारंगी, पिवळे, पुन्हा नारंगी. मी मनात म्हणत होते, बरं झालं, जीव रमला यांचा. खोटं बोलले, पण बाई शांत झाली. तिसऱ्या दिवशी गाठ मारून झाली तेव्हा त्यांनी फ्लाय उजेडात धरली आणि म्हणाल्या, "जमली." त्यानंतर तीन आठवड्यांनी गेल्या.

डंकनला कळवायचं मी टाळत होते. गेल्या आठवड्यात केला एकदाचा फोन. तो त्यांच्या एकुलत्या एका सॅमनबद्दल बोलत राहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "एक सांगायचंय. मी त्यांना नदीला पूर आलाय म्हणून सांगितलं होतं." त्याचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितेय.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्याच दुपारी त्यांचा फोन आला. नदीची पातळी त्या रोज सकाळी नेटवर बघायच्या, पण विश्वास माझ्यावरच. मी सांगितलं, पाणी खाली आहे, तळातले गोटे मोजता येतात, तीन डिग्री. मार्चमध्ये याहून चांगलं पाणी मिळत नाही."

"मग?"

"म्हणाल्या, वैशालीने विचारलं तर पूर आहे असं सांग. तुम्ही विचारलंच नाहीत."

मी फोन ठेवला. तीन दिवस! सुजलेल्या बोटांनी, माझ्यादेखत, त्या बाईने नसलेल्या पुरासाठी फ्लाय बांधली आणि दोरा मला धरायला लावला. ती फ्लाय आता माझ्या किचनच्या खिडकीत आहे. शिरीष म्हणतो डबीत ठेव, धूळ बसेल. बसू दे. भांडी घासताना ती समोर दिसते आणि मला वहिनींचा राग येतो, अगदी उघड राग. "खोटं बोलतेस, गाडी काढ," एवढं म्हणाल्या असत्या तर मी काढली असती... असं मी रोज स्वतःला सांगते. काढली असती का? नसती काढली. मी रडले असते, डॉक्टरांचं नाव पुढे केलं असतं, आणि तोंडावर नाही म्हटलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही.