खोकल्यातली ओळ

आमच्याकडे सोलापुरात बांगड्या भरायला येणारी कासारीण माझा हात धरला की म्हणायची, “अक्का, हात सैल सोडा की.” मिशनच्या शाळेत मी इंग्रजी शिकले, हात सैल सोडायला मात्र शिकले नाही.

कोकणात माल विकायला गेलेला तिचा नवरा ज्या आगबोटीवर होता, ती एका बेटाजवळ खडकावर आपटून बुडाली. तेव्हापासून ती आली की वडिलांच्या इंग्रजी वर्तमानपत्रातली तीच बातमी मला मराठीत सांगायला लावी. ‘बाकीचे उतारू जिवंत असण्याची आशा कमी’ ही ओळ आली की मी खोकून पुढे जायची आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायची.

एकदा माझ्या हातात बांगडी सरकवता सरकवता ती म्हणाली, “तुमी दर बारीला हितंच खोकता. काय लिवलंय त्या खोकल्यात?”

मी खाली मान घालून ती ओळ सांगितली. तिचा हात थांबला.

“कमी म्हंजे हाय की थोडी.”

मग टोपलीतल्या दोन हिरव्या बांगड्या तिने स्वतःच्या हातात चढवल्या आणि माझा हात पुन्हा ओढून घेतला.

“आन् अक्का, खोकल्यावर काढा घ्या.”