डावीकडचा मॉनिटर

विमानाच्या गेमसाठी मॉनिटर किती घ्यायचे, यावरून आमच्या घरात चांगलीच जुंपली होती. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता, "बाबा, एकच मोठा घ्या, कर्व्हवाला. तीन लावले की मध्ये पट्ट्या येतात, वायरींचा गुंता होतो, टेबल पुरत नाही." सगळा जन्म एसटीच्या स्टेअरिंगमागे गेलेल्या माणसाला हे चिरंजीव शिकवत होते! मी म्हटलं, "अरे शहाण्या, दोन्ही आरसे काढून नुसत्या पुढच्या काचेवर भीमाशंकरचा घाट उतरून दाखव, मग बोल." तो म्हणाला, "घ्या तुम्हाला काय घ्यायचं ते," आणि फोन ठेवला.

हा नाद त्यानंच लावला होता. नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना त्यानं आमच्याकडे घोडेगावला आणून टाकला, त्यात हा गेम होता. त्यातली जमीन उपग्रहाच्या फोटोंवरून केलेली आहे. पहिल्यांदा विमान आमच्या बाजूला आणलं, तेव्हा डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसलं, त्याच्या कडेकडेनं जाणारा रस्ता दिसला, आणि मी चक्क ओरडलो. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ. वरून मात्र तो कधी बघितलाच नव्हता. बायको बघायला आली आणि म्हणाली, "अवं, त्यो भीमाशंकर तर रोजचाच हाये. इमान घेऊन तिथंच जायाचं व्हय?" मी म्हटलं, तिथंच जायचंय.

निवृत्तीनंतरही मी स्वतःची जीप घाटात चालवायचो. भाविक भरायचे, वर सोडायचे, खाली आणायचे. श्रावणात तर जेवायला सवड नसायची. मला कुणी काम सोडा म्हटलेलं खपत नसे. डोळे शाबूत होते. चष्म्याच्या दुकानातली अक्षरं मी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायचो.

तर मी हट्टानं तीन मॉनिटर आणले. नारायणगावच्या दुकानदारानं स्वतः येऊन बसवून दिले, मधला समोर, बाजूचे दोन थोडे आत वळवून, ड्रायव्हरच्या केबिनसारखे. लई झकास दिसत होतं ते. पण दोन-चार दिवसांत मला त्यात खोट जाणवायला लागली. डावीकडच्या मॉनिटरवर काही सरळ येतच नसे. मान वळवावी तर अचानक डोंगर उभा! लेण्याद्रीच्या बाजूनं वळताना मी दोनदा कड्यावर आपटलो. चिडून दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, फसवलं तुम्ही मला. डावा मॉनिटर मागून चालतोय. चित्र उशिरा येतंय."

बिचारा लगेच आला. वायर बदलली, डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. मी पुन्हा विमान उडवलं आणि पुन्हा तेच. डावीकडून डोंगर उगवला आणि मी कचकन आपटलो. मी म्हटलं, "बघा! बघितलंत ना?" बायको मागं चहाचा कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आवो, कवाधरनं दिसतोय त्यो डोंगर. मला वाटलं, तुमी मुद्दाम चाललाय तिकडं."

दुकानदारानं विमान थांबवलं. मला म्हणाला, "काका, समोरच्या मॉनिटरकडेच बघा. मान हलवू नका." मी बघत राहिलो. जरा वेळानं म्हटलं, "अहो, करा की सुरू काय करायचं ते." तो हलक्या आवाजात म्हणाला, "काका, मी केव्हाचा तुमच्या डाव्या बाजूला हात हलवतोय."

मी मान वळवून बघितलं, हात होता. गेल्या श्रावणात एक मोटारसायकलवाला डावीकडून असाच एकदम घुसला होता. त्याच्यामागे बाई बसली होती, मांडीवर लेकरू. मी थोडक्यात वाचवलं आणि मग खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तो घुसला नव्हताच. तो तिथंच होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. म्हणाल्या, समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. कडेनं नजर जात राहते. गेली ती येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची. मी विचारलं, "आणि गाडी?" बाई म्हणाल्या, "जीपमध्ये किती माणसं बसवता?"

बाजूचे दोन्ही मॉनिटर दुकानदारानं परत नेले. मधला राहिला. मुलाचंच खरं झालं म्हणायचं, पण तो एका शब्दानं बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आता बायको तांदूळ निवडायला घेऊन माझ्या डावीकडे बसते. डोंगर आला की टेबलावर एकदा ठोकते, मोकळं असलं की दोनदा. आमच्या घाटातली ही जुनी भाषा आहे. एसटीत कंडक्टर घंटी मारतो, जीपमध्ये मागचा माणूस पत्र्यावर थाप मारतो. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिला हे मी कधी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या गाडीतून माहेरी जाऊन येऊन तिनं ते ऐकलं होतं.

जीप मी विकली. ती न्यायला वरच्या गावचा एक गडी आला. चांगला होता, सावकाश बोलणारा. मी त्याला क्लच कुठं दाबायचा, कुठल्या वळणावर ब्रेक धरायचा नाही, सगळं सांगितलं. तेच तेच दोनदा सांगितलं असेल. तो मान हलवत राहिला. शेवटी आत बसला, गाडी सुरू केली, आणि निघेचना. आरशातून माझ्याकडे बघत थांबला. मला कळलं, तो कशाची वाट बघतोय ते.

मी मागं गेलो आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. आजवर दुसऱ्यांनी मारल्या आणि मी गाडी काढली.

गाडी रस्त्याला लागून डावीकडे वळली. मी होतो तसाच समोर बघत उभा राहिलो. बायको शेजारीच होती.

"गेली का गं?" मी विचारलं.

"न्हाई. हाये की अजून, त्या चिंचंपाशी."

मान वळवली असती तर मलाही दिसली असती. मी वळवली नाही.