पहिल्या अध्यायापुढे मी गेले नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यजमान हयात असते तर त्यांना सांगितलं असतं का? — नाही, त्यांनाही नाही. निदान प्रार्थनेत तरी सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तिथेही मी हा विषय टाळूनच पुढे जाते. प्रभूला ठाऊक आहे, मग पुन्हा कशाला, असं स्वतःला बजावते.

मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची बारा वॉर्ड सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख. शिक्षण नगरकडच्या एका मिशन हॉस्पिटलात झालं. लग्न होऊन इथे आले आणि इथलीच झाले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी एका इंग्लिश चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमतो. गाणी, प्रार्थना, संदेश, मग चहा आणि कुणीतरी करून आणलेले बटाटेवडे. आम्ही चाळीसेक माणसं, आणि एकाच्याही तोंडात तीळ भिजत नाही. तरी ही गोष्ट बाहेर फुटली नाही. यावरून ओळखा, मी ती किती नीट झाकली असेल.

माझा मुलगा प्रवीण अकरा वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. त्याचे वडील त्याआधीच गेले होते. सून मीनल तेव्हा एकतीस वर्षांची होती, नगरची मुलगी, मूलबाळ नाही. तिला न्यायला तिचा भाऊ आला होता. "आईंना सोडून मी येणार नाही," एवढंच ती त्याला म्हणाली. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. बाळा, तू जा, माझं मी बघेन — असं मी म्हणायला हवं होतं ना? मी म्हटलं नाही. पण माझा कबुलीजबाब त्याबद्दलचा नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळीत आम्हा दोघींना एक उपमा चिकटली. शास्त्रातली ती बेथलेहेमची सासू आणि तिची मोआबी सून तुम्हाला ठाऊक असतील. नसतील तर थोडक्यात सांगते. दुष्काळामुळे एक यहूदी बाई नवऱ्यासोबत आणि दोन मुलांसोबत परमुलखात जाते. तिथे नवराही मरतो आणि दोन्ही मुलंही. ती सुनांना सांगते, माहेरी जा, पुन्हा लग्नं करा. एक जाते. दुसरी हट्टाने सासूबरोबर चालू लागते — तुझी माणसं ती माझी, तुझा देव तो माझा. पहिला अध्याय इथे संपतो. दर वर्षी मार्चमध्ये, इथल्या मदरिंग संडेच्या, म्हणजे मातृदिनाच्या सुमाराला, ही गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असे. मी छान सांगायचे. बायका डोळे पुसायच्या, मीनल खाली मान घालून हसायची आणि मी पहिल्या अध्यायावर पुस्तक मिटायचे.

पुढे तीन अध्याय आहेत. त्या काळी यहूदी लोकांत रीत होती, की मेलेल्याच्या जवळच्या नातलगाने त्याच्या विधवेला पदरात घ्यायचं, म्हणजे घराण्याचं नाव बुडत नाही. ती सासू स्वतः पुढाकार घेते. सुनेला सांगते, अंघोळ कर, अत्तर लाव, चांगलं नेस आणि नात्यातल्या त्या एका भल्या माणसाच्या खळ्यावर जा. आपल्या मेलेल्या मुलाच्या बायकोला ती आपल्या हाताने दुसऱ्या माणसाकडे पाठवते. हे मी कधी सांगितलं नाही. का — ते आता सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

प्रवीणला जाऊन तीन वर्षं झाली होती. यजमानांच्या चुलतभावाचा मुलगा, सुनील, लीड्सला असायचा. दात बनवायच्या लॅबमध्ये कामाला होता. त्याची बायको कॅन्सरने गेली होती. आमच्या शनिवारच्या सभेला तो दोन तास गाडी चालवत यायचा आणि सभा संपल्यावर खुर्च्या रचायला थांबायचा. मीनल एक्स-रे डिपार्टमेंटला होती. पहिल्या शनिवारी ड्यूटी आली की ती कुणाशी तरी अदलाबदल करून सुट्टी घ्यायची. मला हे दिसत नव्हतं का? चौतीस वर्षं माणसांचे चेहरे वाचून औषधं दिली मी. मला सगळं दिसत होतं.

आमच्यात अजून अशी पद्धत आहे, की विधवा सुनेला मागणी घालायची तर परस्पर तिला विचारत नाहीत. आधी सासरच्या मोठ्या माणसाला विचारतात. सुनील सरळ माणूस, पद्धत पाळणारा. त्याने आमच्या मंडळीतले वडीलधारे, शिंदेमामा, यांना मध्ये घातलं. मामांनी मला हॉलच्या किचनमध्ये गाठलं. मी कप विसळत होते.

"वहिनी, सुनीलचं मीनलसाठी विचारणं आहे. मुलगा अगदी जेन्युइन आहे. पण तुम्हीच तिला विचारा, घरातल्यांनी विचारलेलं बरं. टेक युअर टाइम."

मी एक महिना घेतला. त्या महिन्यात मी मीनलबरोबर रोज जेवले, रोज टीव्ही पाहिला, दोनदा तिच्याबरोबर बाजाराला गेले. एक शब्द काढला नाही. पुढच्या सभेत मामांना म्हटलं, "विचारलं मी. ती नाही म्हणते. फार रडली हो. तिच्याकडे परत हा विषय काढू नका." — फार रडली! ही भर मी का घातली? नुसत्या नकारावर मामांनी तिला एकदा तरी विचारलं असतं. रडली म्हटल्यावर भला माणूस गप्पच बसणार, हे मला माहीत होतं.

त्या यहूदी गोष्टीत आणखी एक नातलग आहे. त्याचा हक्क पहिला, पण त्याला ती बाई नको असते. तो गावच्या वेशीत, दहा वडीलधाऱ्यांसमोर, पायातला जोडा काढून देतो आणि हक्क सोडतो. त्याला लोक नावं ठेवतात. पण तो नाही म्हणाला ते स्वतःच्या तोंडाने, दिवसाढवळ्या. आणि स्वतःपुरतं.

सुनीलचं येणं बंद झालं. "आई, सुनील भावजी हल्ली दिसत नाहीत?" मीनलने एकदा विचारलं, नंतर आणखी एकदा. मी म्हटलं, कामात असेल. दोन वर्षांनी त्याने लग्न केलं. त्याला मुलगी झाली, तिचा फोटो मीनलनेच मला तिच्या फोनवर दाखवला. त्यानंतर ती शनिवारची ड्यूटी कुणाशी बदलेनाशी झाली.

मला एकटीने जेवायची भीती वाटत होती. कारण एवढंच. त्याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

शिंदेमामा गेल्या वर्षी वारले. ती मागणी आता फक्त सुनीलला आणि मला माहीत; माझं खोटं फक्त मला. मी चौऱ्याहत्तरची, मीनल बेचाळीसची. माझे डोळे अधू झालेत, म्हणून या मार्चमध्ये ती गोष्ट सांगायचं काम मंडळीने मीनलला दिलं. ती आठवडाभर टेबलाशी बसून तयारी करत होती. मध्येच तिने विचारलं, "आई, तुम्ही नेहमी फर्स्ट चॅप्टरलाच का थांबायचात? खरी मजा तर पुढे आहे." मी म्हटलं, वेळ पुरत नाही गं.

तिने चारही अध्याय सांगितले. खळं सांगितलं, अत्तर सांगितलं, वेशीतला जोडा सांगितला. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. शेवटी म्हणाली, सगळे त्या सुनेचं कौतुक करतात, पण मला सासूच मोठी वाटते. सुनेने फक्त सोबत केली, सासूने तिला मोकळं केलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नाही, सो चान्सच आला नाही. नाहीतर आमच्या आईंनीसुद्धा मला अशीच नटवून पाठवली असती!"

सगळे हसले. मीही हसले. तिने मला हात धरून गाडीपर्यंत नेलं, माझा सीटबेल्ट लावला.

तिच्यासाठी विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.